शहीद द्वीपची ओहोटी

अंदमानला जाणारा मराठी प्रवासी सेल्युलर जेल आवर्जून पाहतो आणि उरलेल्या दिवसांत स्वराज द्वीप, शहीद द्वीप उरकून परततो. शहीद द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचे नील बेट, हे उरकण्याचे ठिकाण नव्हे. तिथे कधी जायचे हे बोटीच्या वेळापत्रकावरून नव्हे, तर तिथी पाहून ठरवावे, असे माझे मत आहे.

लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर प्रवाळी चुनखडकात लाटांनी कोरलेली कमान आहे. बेटावरची बरीचशी वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची असल्यामुळे तिचे नाव 'हावडा ब्रिज' पडले आहे. छायाचित्रे कमानीचीच निघतात. मला मात्र तिच्या पायथ्याशी भरतीत बुडून जाणारे खडकाळ पठार अधिक मोलाचे वाटले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी साधारण दोन मीटर उतरते आणि हे पठार दूरवर उघडे पडते; अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असण्याच्या दिवसांत त्यातले फारसे काही दिसत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपला कोकणी हिशोब मात्र तिथे चालत नाही, त्यासाठी तिथले कोष्टकच पाहावे.

पठारावरच्या डबक्यांपैकी एकात ट्रायडॅक्ना जातीचा मोठा शिंपला खडकात रुतून बसला होता. त्याच्या दोन्ही कडांमधून निळी-जांभळी मांसल झालर बाहेर पसरली होती. या झालरीत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा शिंपल्याला मिळतो, म्हणून तो ती उन्हात पसरून ठेवतो. झालरीच्या काठावर प्रकाश ओळखणारे बारीक डोळे असतात. मी वाकलो, माझी सावली पाण्यावर पडली आणि झालर झटक्यात आत ओढली गेली. प्रवाळांचा संसारही अशाच शैवालावर चालतो. 2010 मध्ये समुद्राचे पाणी तापले तेव्हा हे शैवाल गमावल्यामुळेच अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते.

समुद्रकाकड्या जागोजागी पडलेल्या असतात. काही वाटाडे त्या उचलून पर्यटकांच्या हातावर ठेवतात, ते मला अजिबात रुचले नाही. हा प्राणी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, शिवाय त्याच्या काही जाती त्रास झाल्यास स्वतःची आतडी बाहेर टाकतात. सोबत वाटाड्या जरूर घ्यावा, कारण निसरड्या खडकांतून वाट त्यालाच ठाऊक असते, परंतु प्राण्यांना हात लावायचा नाही हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

पठाराच्या कडेला रीफ हेरॉन मासे टिपत उभा असतो. राखाडी आणि शुभ्र अशी त्याची दोन रूपे असल्यामुळे नवख्याला ते दोन निराळे बगळे वाटतात. भरतीरेषेच्या वर, झाडांच्या सावलीत, रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करणारे खेकडे फिरतात. वाढत्या अंगाला पुरेल असा नवा शंख त्यांना वेळोवेळी शोधावा लागतो आणि तो मिळतो याच वाळूत. बेटांवरून शंख आणि प्रवाळ नेण्यावर निर्बंध आहेत, तरीही पिशवी भरून शंख गोळा करणारी माणसे मला तिथे दिसलीच.