फझ पेडल, नोंद चौथी: दुपारी तीनला मरणारा आवाज

मागच्या नोंदीत ‘पेडल वाजलं!’ असं लिहून मी मोकळी झाले होते. पेढे वाटले नाहीत, ते बरं झालं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर चालणारा फझ फेस बांधतेय, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, गुरगुरता करणारं पेडल. 1966 साली लंडनच्या आर्बिटर कंपनीनं काढलेलं, गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे नावाजलेलं ते गोल पेडल. सर्किट एवढुसं: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टन्स). सिलिकॉनवरही होतं, पण गिटारचा व्हॉल्यूम जरा मागे घेतला की गुरगुर मावळून तार स्वच्छ बोलायला लागते, ती मजा जर्मेनियममध्ये जास्त. म्हणून हट्ट.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी एसी 128 हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर मागितला तर दुकानदार काका हसले. “ताई, तो कुठला आता? बीसी 547 न्या, पाहिजे तेवढे देतो.” तो सिलिकॉनचा. शेवटी बुधवारच्या जुन्या बाजारात एक मेलेला रेडिओ मिळाला, त्याच्या आउटपुटला एसी 128 ची जोडी होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 1962 मध्ये जर्मेनियमचे सेमीकंडक्टर करायला घेतले होते, त्यामुळे असला माल आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत अजून सापडतो. रेडिओ उघडण्याआधी तो खरंच मेलाय ना, एवढं बघा. चालता रेडिओ कापणं पाप आहे.

जर्मेनियम घेताना मीटरच्या एचएफई सॉकेटवर (गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते दाखवणाऱ्या) विश्वास ठेवू नका. हा ट्रान्झिस्टर गळतो, म्हणजे बेसला काही न देताही थोडा करंट सोडतो, आणि मीटर ती गळतीसुद्धा गेनमध्ये धरतो. माझ्या एकावर 150 आलं. मग जुनी पद्धत वापरली: 9 व्होल्टचा सेल, कलेक्टरच्या पायाला साधारण 2.47 के (किलोओहम) चा रेझिस्टन्स, बेसच्या पायाला 2.2 मेगओहमचा. बेस मोकळा ठेवून कलेक्टरच्या रेझिस्टन्सवर 0.6 व्होल्ट आले, ती नुसती गळती. बेस जोडल्यावर 1.5. फरक 0.9, गुणिले शंभर, म्हणजे खरा गेन 90. दुसरा 115 निघाला. कमीवाला पहिल्या जागी, जास्तवाला दुसऱ्या जागी. हे मोजताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरला तर बोटांच्या उबेनंच आकडा चढतो. ठेवून द्या आणि दोन मिनिटं थांबा. हे वाक्य मी स्वतः लिहूनही त्याचा अर्थ मला तीन आठवडे कळला नाही, ते पुढे येतंच आहे.

झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या बोर्डावर) जोडणी झाली. ट्रान्झिस्टर सोल्डर केले नाहीत, आयसी सॉकेटचे तुकडे कापून त्यात खोचले. हे ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, त्यामुळे अर्थला (सर्किटच्या सामाईक तारेला) सेलचा प्लस. एक कपॅसिटर सवयीनं उलटा लावला होता, तो फिरवला. रात्री अकराला हेडफोन अँपवर लावलं आणि काय सांगू, मधमाश्यांचं मोहोळच! दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला 4.6 व्होल्ट. (मीटर वजा दाखवतो, मी चिन्ह सोडून लिहितेय.) सेलच्या निम्म्यावर हवेत, तेवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर लावला तर फुस्स. तार छेडल्यावर खर्र् करून आवाज मध्येच तुटायचा, जणू कोणी नळ बंद केला. कलेक्टरला 6.7. ड्राय सोल्डर (कच्चा टाका) असणार म्हणून सगळे टाके पुन्हा तापवले, आणि रात्री पेडल ठणठणीत. झालं, सापडलं म्हणून झोपले. पुढच्या दुपारी परत फुस्स.

असं पाच-सहा वेळा. जॅक बदलला, फझचा पॉट बदलला, सेल दोन संपवले. मी दुपारी दुरुस्त करायचे, रात्री ते चालायचं, आणि श्रेय माझ्या सोल्डरिंगला. एका रविवारी आई कुरडया वाळत घालून गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, “अगं, सकाळी तर चांगलं भुंकत होतं की ते. ऊन चढलं की त्यालाही सोसत नाही वाटतं.”

आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये दुपारी खोलीत 38-39 अंश, पहाटे 26.

बोर्ड डब्यात घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. बाहेर काढून मीटर लावला: 3.8. मग नुसती बघत बसले. 3.9, 4.1, 4.4... आकडा मुंगीच्या पावलानं चढत होता आणि कोणी कशाला हात लावला नव्हता. पहिल्या ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं की वेग वाढायचा.

कारण सरळ आहे. तापला की पहिला ट्रान्झिस्टर जास्त गळतो, त्यामुळे दुसऱ्याला मिळणारा रेटा कमी होतो. माझ्या बोर्डावर दुसऱ्यातला करंट रात्री साधारण अर्धा मिलिअँप, दुपारी पाव. रेझिस्टन्सवर तेवढे कमी व्होल्ट पडतात आणि कलेक्टर सेलच्या बाजूला सरकतो. या कलेक्टरचा मूळचा 8.2 के चा रेझिस्टन्स रात्रीपुरता बरोबर होता. दुपारी 16-17 के लागतो.

म्हणून आता तिथं 4.7 के आणि त्याच्या मालिकेत 22 के चा पॉट (हाच बायस पॉट), दांडी डब्याच्या बाहेर. दुपारी फिरवून 4.5 वर आणलं आणि मोहोळ परत उठलं. एक तोटा: आउटपुट याच मालिकेतल्या 470 ओहमच्या रेझिस्टन्सवरून घेतलेलं असल्यानं पॉट वाढवला की आवाज पडतो. 470 च्या जागी 1 के टाकून पाहिला, बराच सुधारला.

आणि हो, हे पेडल इतरांबरोबर एकाच अडॅप्टरच्या माळेत लावू नका. बाकीच्यांचा अर्थ मायनस, याचा प्लस. केबल जोडताच शॉर्ट. मी सेलवरच चालवतेय.

बोर्ड सध्या साबणदाणीत आहे, त्यामुळे ट्यूबलाइट लावली की घूंऽऽ येतं. अॅल्युमिनियमचा डबा आणलाय, चार भोकं पाडून झाली, बायस पॉटचं पाचवं राहिलंय. शेजारच्या काकांचं ड्रिल मंगळवारी मिळणार आहे.