मनसंतोषगड : माथा राहिला

सावंतवाडी तालुक्यातल्या मनसंतोषगडाचा माथा यावेळी राहिला. पुढं जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून कुठं आणि का थांबलो, ते लिहितोय.

पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली घाट उतरून दाणोली, तिथून आत शिरशिंगे. गोठवेवाडीतून चालायला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. हा उशीर शेवटपर्यंत नडला. तुम्ही आदल्या रात्रीच गावात मुक्काम करा आणि तिथलाच एक वाटाड्या सोबत घ्या.

झाडीतली वाट मनोहर आणि मनसंतोष या शेजारशेजारच्या दोन गडांमधल्या खिंडीत येते. 1844 च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात गडहिंग्लजजवळचा सामानगड पडल्यावर आपले गडकरी, म्हणजे गड राखणारे शिपाई, इथवर आले आणि लढले. इंग्रज फौजेनं 1845 च्या जानेवारीत हे गड घेतले. गडहिंग्लजकडच्या माणसाला इथं उभं राहिल्यावर भरून येतं, मला तरी आलं.

मनसंतोषची वाट पार मोडलीय. आधी घसारा, मग सरळ कातळ. मी पुढं होतो. डाव्या हाताला एक खोबण मिळाली, बोटं आत घट्ट बसली. वजन टाकण्याआधी सवयीनं मुठीनं ठोकून बघितलं, तर ढब असा पोकळ आवाज आला. जरा हलवताच विटेएवढा दगड सुटून हातात आला. मागं ओली माती आणि मुंग्या. खाली दोघं उभे होते. त्यांना बाजूला व्हायला सांगून दगड हळूच कपारीत ठेवला.

दोर होता आमच्याकडं. पण तो वर बांधायचा तर आधी कुणीतरी विनादोर वर पोहोचायला हवं. शिवाय चढताना डोळ्यांसमोर असलेली पावठी, म्हणजे पाय ठेवायची खाच, उतरताना दिसत नाही, पायानं चाचपत शोधावी लागते. एक वाजला होता. परत फिरलो. प्रस्तरारोहण येणारा माणूस, हार्नेस आणि हेल्मेट यांच्याशिवाय या कातळाला हात लावू नका, अगदी कोरड्या दिवसांतही. आणि खाली माणूस असेल तर आधी त्याला आडोशाला घाला.

उरलेल्या वेळात मनोहरगड बघितला. आग्र्याहून सुटका झाल्यावर 1667 मध्ये शिवाजी महाराज इथं मुक्कामाला होते. तटाशी बसून खर्डा-भाकरी खाल्ली. समोरच मनसंतोषचा माथा, उन्हात स्वच्छ. आम्ही थांबलो ती कपार तिथून शोधली, सापडली नाही.