हायड्राची नोंदवही: पहिली कळी सुटली

दिवस 1. तळ्यातून आणलेलं डकवीड (पाण्यावर तरंगणारी इवली वनस्पती) बरणीत घालून खिडकीत ठेवलं होतं. आज भिंग लावलं तर उजेडाकडच्या काचेला तीन हायड्रा चिकटलेले! शाळेच्या पुस्तकातला जलव्याल तो हाच, गोड्या पाण्यातला इवलासा प्राणी. लांबी अर्धा सेंटिमीटरही नाही, तोंडाभोवती दोऱ्यासारख्या सोंडा.

दिवस 3. पाणी बदलताना नळाचं पाणी तसंच ओतलं. संध्याकाळपर्यंत सोंडा आखडून गाठीएवढ्या झाल्या. क्लोरीन उडून जायला पाणी आधी उघडं ठेवायला हवं होतं. दोघं विरघळून गेले, फार वाईट वाटलं. तिसरा तळ्याच्या गाळलेल्या पाण्यात हलवला.

दिवस 9. तो सावरलाय. रोज आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) पिल्लं देतोय, त्यांचं मीठ धुऊन. आज अंगाच्या खालच्या भागात एका बाजूला टेंगूळ दिसलं. मुकुलायन सुरू, म्हणजे अंगावर कळी फुटून तिचाच नवा हायड्रा होणार!

इथे ना अंडं, ना शुक्राणू. हायड्राच्या अंगातल्या पेशी सतत विभागत असतात. खाणं भरपूर असलं की जास्तीच्या पेशी या कळीत जातात, उपासमार झाली की कळ्या थांबतात. आईच्या अंगाचीच भिंत दोन्ही थरांसकट बाहेर फुगते. कळ्या झाडासारख्या आणि हालचाल प्राण्यासारखी, म्हणून 1740 मध्ये नेदरलँड्समधल्या हेग इथे निसर्ग अभ्यासक आब्राहम ट्रेंबले यांना हे झाड की प्राणी तेच कळेना. ठरवण्यासाठी त्यांनी तो कापला, तर दोन्ही तुकड्यांचे पूर्ण हायड्रा झाले.

दिवस 11. कळीच्या टोकाला सोंडांचे कोंब.

दिवस 12. आजचा दिवस विसरणार नाही. आईने नारिंगी पिल्लू गिळलं, तिचं पोट नारिंगी झालं, आणि थोड्या वेळाने तोच रंग कळीच्या पोटातही उतरलेला दिसला. दोघींची पोकळी अजून एकच आहे! संध्याकाळी कळीनेही आपल्या सोंडांनी एक पिल्लू धरलं. आईला जोडलेली असतानाच.

दिवस 13. बुडाशी कळी बारीक होत गेली, तिथेच तिचा चिकटायचा पाया तयार झाला. सकाळी पाहिलं तर ती सुटून काचेवर दोन बोटं पलीकडे बसली होती.

आता बरण्या दोन, पाणी एकाच भांड्यातलं. आई आणि लेक जनुकांनी सारख्याच, त्यामुळे तुलना चोख होईल: लेकीला रोज खाणं, आईला आठवड्यातून एकदा. कळ्यांची मोजणी उद्यापासून.