उबंटू आणि विंडोज एकमेकांना जोडले, माझा अनुभव

काकांचं नौपाड्यात जीएसटी रिटर्नचं छोटं ऑफिस आहे, तिथे विंडोज प्रो, आणि माझ्याकडे ऐरोलीला घरी लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. रिटर्नची तारीख जवळ आली की काकांचा फोन, "अरे, जरा येऊन जा, एक्सेल अडकलंय", मग ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला जायचं आणि तिथलं काम पाच मिनिटांचं. म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्याची स्क्रीन उघडून तिथे काम करायची सोय, बसवलं, तेही दोन्ही बाजूंनी, कारण ऑफिसात बसलो की मलाही घरच्या मशीनवरचं काहीतरी लागतंच.

आधी लॅपटॉप ऑफिसात नेऊन तिथल्याच वायफायवर सगळं चालवून बघितलं. तुम्हीही असंच करा, नाहीतर गडबड सेटिंगची आहे की नेटची तेच कळत नाही. उबंटूवरून विंडोजमध्ये शिरणं सोपं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात रिमोट डेस्कटॉप चालू केलं की झालं, पण विंडोज होम असेल तर हे मिळत नाही, होमवरून दुसरीकडे जाता येतं, होममध्ये कुणाला आत घेता येत नाही. उबंटूवर रेमिना हे दुसऱ्या मशीनला जोडायचं अ‍ॅप उघडायचं आणि विंडोज मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), युजरनेम, पासवर्ड टाकायचा. काका रोज पिन टाकून लॉगिन करतात, तो पिन इथे चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्डच लागतो, आणि पासवर्डच न ठेवलेलं अकाउंट असेल तर विंडोज बाहेरून आत घेत नाही.

मी आत गेलो तसे काका म्हणाले, "अरे, माझं लॉक झालं की!" ते तसंच होणार, प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. दोघांनी एकत्र बघायचं असेल तर रस्टडेस्कसारखं स्क्रीन शेअर करणारं काहीतरी घ्या.

उलट बाजूला जास्त वेळ गेला. उबंटूवर एक्सआरडीपी, म्हणजे बाहेरच्याला उबंटूत आत घेणारा प्रोग्राम, टाकलं, ऑफिसच्या विंडोजवरून जोडलं, पासवर्ड घेतला आणि पुढे नुसती काळी स्क्रीन. कारण असं की लॅपटॉपवर त्याच युजरने आधीच लॉगिन केलेलं होतं आणि एक्सआरडीपी नवीन सेशन उघडायला जातं, एकाच युजरची दोन डेस्कटॉप सेशन एकत्र नांदत नाहीत. घरून निघताना लॉगआउट केलं की चालतं, पण मला घरी उघडं ठेवलेलंच काम पुढे न्यायचं होतं, मग एक्सआरडीपी काढून टाकलं आणि उबंटूचं स्वतःचं शेअरिंग चालू केलं, उबंटू २२.०४ पासून त्यात आरडीपी, म्हणजे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ज्या पद्धतीने बोलतं ती, आहे. एक्सआरडीपी आणि हे, दोन्ही ३३८९ पोर्टच (मशीनचा आत यायचा ठरावीक नंबरचा दरवाजा) मागतात म्हणून एकच ठेवलेलं बरं. ह्या शेअरिंगचा पासवर्ड लॉगिनपेक्षा वेगळा असतो, आणि मशीन लॉक झालं की त्या व्हर्जनवर बाहेरून आत जाता येत नाही, त्यामुळे ऑटो लॉक बंद ठेवावा लागतो, घरात विश्वासाची माणसं असतील तरच हे करा.

आता बाहेरून जोडायचं. बरेच जण सांगतात राउटरवर ३३८९ फॉरवर्ड कर, म्हणजे इंटरनेटवरून त्या पोर्टवर येणारं सगळं थेट मशीनकडे सोड. कृपा करून हे करू नका! २०१९ च्या मे महिन्यात विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला होता, इतकं ते गंभीर होतं. ते जुन्या विंडोजपुरतं होतं हे खरं, पण उघडा ३३८९ शोधत आणि पासवर्ड मारत बसणारे बॉट आजही रात्रंदिवस फिरतायत, आणि काकांच्या मशीनवर लोकांचे पॅन, बँकेचे तपशील, सगळं आहे. शिवाय माझ्या घरच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीच नाही, कंपनी एकच आयपी बऱ्याच घरांना वाटते, त्यामुळे फॉरवर्ड करून उपयोगही नव्हता.

मग टेलस्केल टाकलं, ते आपल्या मशीनना इंटरनेटवरून खासगी नेटवर्कमध्ये जोडतं आणि त्यासाठी आतून वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्र वापरतं. दोन्ही मशीन एकाच अकाउंटमध्ये घेतली की प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, तोच रेमिनात आणि तोच विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा, राउटरला हातच लावायचा नाही. अकाउंटला टू स्टेप लॉगिन मात्र ठेवा.

शेवटची दोन कामं राहतात आणि तीच विसरली जातात. दोन्ही मशीनचं स्लीप बंद करा, झोपलेल्या मशीनला कितीही हाका मारल्या तरी ते उठत नाही. आणि ऑफिसच्या पीसीच्या बायॉसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) लाईट परत आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते लावा, नाहीतर पावसाळ्यात रात्री लाईट गेली की सकाळी कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत सगळं बंद.