तुम्ही विचारलंत म्हणून: माझे गाल असे का

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्राच्या, बाकड्यावर शेजारी बसलेली नवी बाई आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग हातातल्या डबीकडे. मग हळूच विचारते, "ताई, ह्या गोळ्या घेतल्या का माह्यं तोंड बी तुमच्यावानी होईन काय?"

विचारलंत म्हणून सांगते. नाही होणार. तुमची गोळी वेगळी आहे.

सरकारी मोफत उपचार 1 एप्रिल 2004 ला सुरू झाले. आमच्या गावात ती खबर पोचून माझी गोळी सुरू व्हायला 2006 उजाडलं. वजन तोवर 36 किलोवर आलेलं. तेव्हाच्या गोळीत स्टॅव्हुडिन असायचं. स्वस्त, आणि कामाला चोख. त्या हंगामात मी पुन्हा कापूस वेचायला उभी राहिले. स्टॅव्हुडिनला कोणी शिव्या घातल्या तर मी हे आधी ऐकवते.

दीडेक वर्षानं तळपाय जळायला लागले. रात्री ओल्या फडक्यावर पाय ठेवून पडायची. पुढे पाय बधिरच झाले. एकदा वेचणीवरून घरी आले तर सासू म्हणते, "एक चप्पल कुठी टाकली वं?" धुऱ्यावर कधी निघून पडली, मला पत्ताच नाही. मग गाल बसले. हाताच्या शिरा पैलवानासारख्या वर आल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ढुंगणावरची चरबीसुद्धा गेली, एस.टी.च्या सीटवर शालीची घडी घातल्याशिवाय बसवेना. गाव म्हणालं, रोग तोंडावर आला. रोग कसला, औषध होतं ते. पण गावाला काय समजावणार!

मला कारण समजलं ते बोगस बियाण्यावरून. विषाणूला स्वतःची नक्कल काढायला जे बी लागतं, हुबेहूब तसं दिसणारं खोटं बी म्हणजे स्टॅव्हुडिन. ते पेरलं की त्याचं पीक तिथंच थांबतं. पण आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्नातून ताकद काढायचं काम त्यांचं. त्यांचा डीएनए वेगळा, आणि त्याची नक्कल काढणारं एन्झाइमही ह्याच बियाण्याला फसतं. शेजाऱ्याच्या वावरासाठी आणलेलं बी आपल्याच वावरात पडलं, असं समजा. मग पायापर्यंत गेलेल्या लांब नसा खराब होतात, चरबीच्या पेशी मरतात. काहींच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड साचायचं. मळमळ, धाप, आणि गोळी वेळेत थांबवली नाही तर जिवावर बेतायचं.

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. माझी गोळी 2012 मध्ये बदलली, टेनोफोविर आलं. मायटोकॉन्ड्रियाला त्याचा त्रास फार कमी. किडनीकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं, म्हणून क्रिएटिनिन तपासतात. पायाची आग थांबली. अंगठ्यांतला बधिरपणा राहिला तो राहिलाच. गाल थोडे भरले, पहिल्यासारखे नाही.

परवा एका पोरीला हे सगळं सांगितलं. तिच्या डबीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर, तिन्ही मिळून दिवसाला एकच गोळी. तिनं मोबाईलच्या काचेत स्वतःचे गाल एकदा दाबून पाहिले.

"रक्तवाढीची गोळी बी चालू हाये. संगं घेऊ काय?"

"जेवणासंगं दोन्ही चालतात. उपाशीपोटी एकत्र नको घेऊ."

"मंग रातच्यालेच घेतो, भाकरीसंगं," ती म्हणाली आणि डबी पिशवीत, डब्याच्या खाली सारली.