चौथा महिना: 'टाइम'पाशी मुक्काम

इंग्रजी-फ्रेंच भाषांतराच्या सरावाचा हा चौथा महिना. या महिन्यात पाच इंग्रजी शब्द उरकायचे ठरवलं होतं. झाले तीनच, आणि त्यातही पंधरा दिवस एकट्या 'टाइम'ने खाल्ले. पण ते सार्थकी लागले.

वहीची पद्धत तीच आहे. सुटा शब्द लिहायचा नाही. आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचं फ्रेंच, आणि दोन दिवसांनी ते फ्रेंच वाचून पुन्हा इंग्रजी. 'टाइम'ची बारा वाक्यं घेतली आणि सगळीकडे डोळे झाकून 'ताँ' लिहीत गेले. तपासायला बसले तर सात चुकलेली. 'मला वेळ नाही' बरोबर होतं: 'ज ने पा ल ताँ'. 'जेवायची वेळ झाली' इथे मात्र 'अर' हवा: 'से लर द माँजे'. 'तीन वेळा' म्हणजे 'त्र्वा फ्वा'.

हे तिन्ही एकाखाली एक लिहिले आणि मराठीकडे लक्ष गेलं. आपण 'माझा वेळ गेला' म्हणतो, पण 'जेवायची वेळ झाली'. खर्च होतो तो वेळ, येऊन ठेपते ती वेळ. आणि मोजतो त्या वेळा. फ्रेंचमध्ये 'ताँ' पुल्लिंगी, 'अर' आणि 'फ्वा' स्त्रीलिंगी! 'अर'च्या आधी आर्टिकलचा (नामाआधी येणाऱ्या 'ल' किंवा 'ला'चा) स्वर गळतो, त्यामुळे 'लर' ऐकून लिंग कळत नाही. पण मराठीतही लिंग तेच, म्हणून मला ते आता वेगळं पाठ करावं लागत नाही. इंग्रजीतून थेट उडी मारण्यापेक्षा मराठीत एक पाऊल टेकवून गेलं की वाट सापडते, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं.

जुळणी सगळीकडे टिकत नाही, हेही नोंदवते. 'निघायची वेळ झाली'साठी 'से लर द पार्तीर' चालतं, तसं 'इल ए ताँ द पार्तीर'ही चालतं. ठरलेली घटका असेल तर मी 'अर' वापरते; आता निघायलाच हवं, असा भाव असेल तर 'ताँ'. शिवाय 'ताँ' म्हणजे हवामानसुद्धा, तिथे आपली 'वेळ' कामाची नाही.

दुसरा शब्द 'मिस'. 'मला तुझी आठवण येते' असं सांगायचं होतं आणि इंग्रजीच्या क्रमाने 'ज त माँक' लिहिलं. अर्थ नेमका उलटा झाला: 'तुला माझी आठवण येते'! बरोबर आहे 'त्यु म माँक'. ज्याची उणीव भासते तो कर्ता, आणि ज्याला भासते तो आपल्या 'मला'सारखा बाजूला. 'मला तू हवाहवासा वाटतोस' या वाक्याची ठेवण मनात धरली की क्रम चुकत नाही. ट्रेन चुकली तर मात्र 'राते', तिथे आठवणीचा संबंध नाही.

तिसरा 'रिव्हर', आणि इथे मराठीची साथ सुटली. आपल्याकडे दोन्ही नद्याच. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळते ती 'फ्लव्ह', दुसऱ्या नदीला मिळते ती 'रिव्ह्येर'. म्हणून सेन ही 'फ्लव्ह' आणि तिला मिळणारी मार्न 'रिव्ह्येर'. भाषांतर करताना नकाशा उघडावा लागतो, आणि मला ते फार आवडलं.

'लीव्ह'चं पान नुकतंच उघडलंय. निघणं 'पार्तीर', एखादी जागा किंवा माणूस सोडणं 'कीते', वस्तू मागे ठेवणं 'लेसे'. 'कीते'ला कर्म लागतंच, एवढं पक्कं झालंय. आज नऊ वाक्यं लिहून ठेवली आहेत, परवा ती पुन्हा इंग्रजीत आणेन.