मेमरी २११ अंशांवर

महाप्यातल्या डेटा सेंटरमधली माझी रात्रपाळी. पहाटे सव्वातीनला चार सर्व्हरवरून एकदम अलर्ट आले: मेमरी तापमान, क्रिटिकल. आकडा बघून आधी दचकलो, मग हसू आलं. २११ अंश सेल्सिअस! हल्लीचं शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ ला वितळतं. म्हणजे अजून सहा अंश, की चिपा बोर्ड सोडणार.

हॉलमध्ये त्या चारही मशीनचे पंखे जिवाच्या आकांताने किंचाळत होते. रॅकसमोरची हवा २३ अंश, मेमरीची एकही एरर नाही. क्लायंटला मात्र हसू आलं नाही. "बंद करा हो, आग लागेल!" सर्व्हर कंपनीच्या सपोर्टचा मंत्र ठरलेला: रॅम बदलून बघा. शेवटी चारांतलं स्टँडबाय मशीन बंद केलं, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला आणि रॅमला बोट लावलं. कोमट.

म्हणजे आकडा खोटा. पण मग तो हलत का होता? पंखे चढल्यावर २११ चे हळूहळू २०७ झाले होते. मेलेला सेन्सर असं करत नाही, तो शून्यावर किंवा २५५ वर जाऊन बसतो. त्या २५५ वरूनच माझी ट्यूब पेटली. एका बाइटमध्ये २५६ किमती मावतात, आणि उणे आकडा त्यात २५६ मधून वजा करून लिहितात. २५६ वजा २११, पंचेचाळीस. हे २११ नव्हतंच, उणे ४५ होतं!

मशीनवर पाळत ठेवणारी छोटी चिप म्हणजे बीएमसी (पालिका नव्हे, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर). तिचं नवं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, मेमरीचं तापमान सांगतच नाही, ८५ च्या मर्यादेपासून ती किती दूर आहे ते सांगतं. रॅम ४० वर असेल तर उणे ४५. तो आकडा कसा वाचायचा, चिन्ह धरायचं की नाही, हे एसडीआर नावाच्या वेगळ्या तक्त्यात असतं. फर्मवेअर नवं आणि तक्ता जुना, त्यामुळे उणं चिन्ह गिळलं गेलं आणि बीएमसीने घाबरून पंखे सोडले.

आता हे कुणी केलं? बारा मशीनपैकी आठ सहकाऱ्याने अपडेट केली होती, शनिवारी. उरलेली चार माझी. तक्त्याची फाइल चालवताना ती चेसिस (मशीनचा सांगाडा) कुठली, पंखे किती असले प्रश्न विचारते. जेवायची वेळ झाली होती, 'नंतर बघू' म्हणून मी ती पायरी सोडली आणि काम झालं म्हणून नोंदीचं तिकीट बंद केलं. सपोर्टला फोनवर दहा मिनिटं सुनावलं होतं ते आठवून कान गरम झाले.

चारही तक्ते चढवले, बीएमसी रीसेट केली. एकेक करून पंखे खाली आले आणि हॉलमध्ये एसीचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. स्क्रीनवर उणे ४५. क्लायंटला स्क्रीनशॉट धाडून चहाला निघालो.

जिन्यातच फोन वाजला. "साहेब, आता उणे पंचेचाळीस दाखवतंय. मेमरी गोठली का?"